सगळे सारखेच म्हणणारा मास्तर

२०१८ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत आमच्या आळंद मतदारसंघाचा निकाल ६९७ मतांनी लागला. दीड लाखाहून जास्त मतं पहिल्या दोन उमेदवारांत वाटली गेली आणि फरक उरला एवढाच. मतदानाच्या दिवशी, १२ मे रोजी, मी घरीच होतो. आजारी नव्हतो, परगावी नव्हतो, यादीतून नावही गळालं नव्हतं. उमेदवार पसंत नव्हते म्हणून बसलो होतो, आणि गल्लीतल्या बऱ्याच जणांना सोबत घेऊन बसलो होतो.

आमचं गाव उमरग्याच्या बाजूला. बाजार उमरग्याचा, दवाखाना सोलापूरचा, सातबारा मात्र कन्नडमधून. मी इथल्याच सरकारी मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालो. अशा गावात मास्तरला दोन कामं असतात, अर्ज लिहून देणं आणि मत सांगणं. दुसरं काम मला जास्त आवडायचं. त्या उन्हाळ्यात मारुतीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बैठक भरायची. कुणीतरी म्हणायचं, "सर, दगडापेक्षा वीट मऊ. कुणाला तरी टाकावंच की." मी म्हणायचो, "वीट काय, दगड काय, डोक्यातच बसायची." लोक हसायचे. हसणारी माणसं समोर असली की आपण शहाणे आहोत असं वाटायला फार वेळ लागत नाही.

कारणं माझ्यापाशी भरपूर होती. एकानं पक्ष बदललेला, दुसऱ्याचे कार्यकर्ते नकोत, तिसरा कोण ते ठाऊक नाही. त्याखाली आणखी एक जुनं कारण होतं आणि ते मी वडिलांकडून उचललं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तिकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. गुलबर्ग्याबरोबर आळंदही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलं. वडील म्हणायचे, इथं आपण पाहुणे, पाहुण्यानं घरच्या कारभारात बोलू नये. त्यांच्या तोंडी त्या म्हणण्यात दुःख होतं. माझ्या तोंडी ती नुसती सोय होती. या राज्याचा पगार मी आयुष्यभर घेतला, पेन्शन अजून घेतो. पाहुणेपण आठवायचं ते मतदानाच्या दिवशीच.

खरं तर मतदानाबद्दल आमच्या गल्लीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नोकरीत असताना बहुतेक निवडणुकांना माझी ड्यूटी लागायची. स्वतःचं मत टपालानं द्यायची सोय असायची, त्यासाठी नमुना १२ भरावा लागायचा. तो मी कधी भरला नाही. याला तत्त्वाचं कारण नाही, आळस.

२००८ साली मी एका बूथवर केंद्राध्यक्ष होतो. दुपारची वेळ, बाहेर रांग, आत पंखा नाही. एक म्हातारा शेतकरी आला. सही झाली, बोटाला शाई लागली, आणि तो मशीनपाशी न जाता माझ्या टेबलासमोर उभा राहिला. म्हणाला, "सायेब, यातला एकबी नको. तसं लिवून घ्या." त्या वेळी नोटाचं, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही'चं बटण नव्हतं, पण नियम ४९-ओ होता. मत द्यायचं नसेल तर १७-ए रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं तशी नोंद करायची आणि त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. हा नियम प्रशिक्षणात सांगितलेला होता आणि मला पाठ होता. पण रांग लांब होती आणि सगळ्या पक्षांचे एजंट माना वर करून आमच्याकडं बघत होते. मी म्हणालो, "बाबा, वेळ घालवू नका. कायतरी दाबा अन् मोकळे व्हा." तो दोन क्षण थांबला, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेला. मशीन वाजलं. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही.

त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणायला जागा होती आणि ती मी माझ्या घाईपायी बंद केली. २७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पी.यू.सी.एल. या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात नोटाचं बटण द्यायला सांगितलं. कारण नेमकं हेच होतं: ४९-ओ मध्ये नकार देणारा सगळ्यांसमोर उघडा पडत होता, गुप्तता राहत नव्हती. बातमी वाचताना मला तो म्हातारा आठवला. तरीही पाच वर्षांनी, ते बटण हाताशी असताना, मी घरी बसलो.

आमच्या सौभाग्यवती मात्र गेल्या. म्हणाल्या, भाजी आणायचीच आहे, शाळा वाटेतच आहे. परत आल्या तेव्हा हातात मेथी आणि बोटाला शाई. मी विचारलं, कुणाला? त्या म्हणाल्या, "घरी बसलेल्यानं विचारू नये."

निकालानंतर मी कट्ट्यावर टेचातच होतो. बघा, कोणी का येईना, आपल्याला काय! किंमत कळली ती पुढच्या वर्षी. आमच्या मराठी शाळेत दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या. आम्ही चार-पाच जण अर्ज घेऊन एका पक्षाच्या तालुक्यातल्या कार्यकर्त्याकडं गेलो. कोणता पक्ष ते महत्त्वाचं नाही, दुसऱ्याकडंही तेच ऐकायला मिळालं असतं. त्यानं पाणी दिलं, अर्ज घेतला, पण वाचला नाही. विचारलं, "बूथ नंबर किती?" सांगितला. त्यानं एक वही काढली. बूथवार मतं किती पडली, कुणाला किती, सगळं त्यात होतं. बोट एका ओळीवर ठेवून तो म्हणाला, "सर, तुमच्या बाजूनं मत पडतच नाही की." रागानं नाही, हिशेब सांगावा तसं.

मी आयुष्यभर बूथवर बसलेला माणूस. एजंट यादीत कोण येऊन गेलं त्याच्या खुणा करतात, बूथवार आकडे नंतर जाहीर होतात, हे मलाच ठाऊक असायला हवं होतं. घरी बसणं म्हणजे निषेध, अशी माझी समजूत होती. त्या वहीत निषेधाचा रकाना नव्हता. नुसती एक अशी गल्ली होती जिच्यावर वेळ घालवायचं कारण नव्हतं. मी नोटा दाबला असता तर निदान एका रकान्यात एक आकडा वाढला असता.

तो आकडा दिसतो, हे त्याच वर्षी जवळच्या लातूर जिल्ह्यात कळलं. २०१९ च्या महाराष्ट्र विधानसभेत लातूर ग्रामीणमधून काँग्रेसचे धीरज देशमुख १,३५,००६ मतं घेऊन निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर नोटा होता, २७,५०० मतं. शिवसेनेचा उमेदवार १३,५२४ मतांवर, तिसरा. निकाल काही बदलला नाही. विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा माणूसच आमदार होतो. पण ती गोष्ट देशभर छापून आली. कोणत्या गावात लोक घरी बसले याची बातमी मी आजवर वाचलेली नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगानं तर नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरता आदेश काढला की नोटा पहिला आला तर पुन्हा निवडणूक घ्यायची. विधानसभेलाही तसं व्हायला हवं, असं माझं मत आहे. पण हे मागायचं तर आधी मतदान केंद्राच्या दारापर्यंत जावं लागतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आळंदचं नाव वेगळ्याच कारणानं पुढं आलं. मतदारयादीतून नावं काढण्यासाठी नमुना ७ चे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते. एका बूथ अधिकाऱ्याला त्यात आपल्याच नातलगाचं नाव दिसलं, आणि ज्याच्या नावानं अर्ज होता त्याला त्याचा पत्ताच नव्हता. तपासणी झाली तेव्हा खरे अर्ज निघाले २४. बाकीचे ५,९९४ फेटाळले गेले, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. कुणी केलं ते कोर्ट ठरवील. मी कट्ट्यावर ज्या मताला कवडीची किंमत देत नव्हतो, ते मिटवण्यासाठी कुणीतरी एवढी खटपट केली होती. माझ्या बाबतीत त्याला काहीच करावं लागलं नसतं. त्याचं काम मी फुकटात करत होतो.

१० मे २०२३ ला मी मत दिलं. मुख्य दोन्ही उमेदवार २०१८ चेच होते आणि माझं त्यांच्याबद्दलचं मतही तेच होतं. परत येताना माझा एक जुना विद्यार्थी पानटपरीवर दिसला. २०१८ ला तो पहिल्यांदा मतदार झाला होता. मी म्हणालो, "अरे, जाऊन ये, सहापर्यंत चालू आहे." तो म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणला होता ना, सगळे सारखेच." आणि हसला. मी कट्ट्यावर हसवायचो तसाच. पलीकडं दिसत असलेल्या शाळेपर्यंत मी त्याला नेऊ शकलो नाही. वर्गात शिकवलेलं पोरं विसरतात. हे मात्र त्याच्या पक्कं ध्यानात राहिलं.

अजून एकही उमेदवार मला मनापासून पटलेला नाही, आणि पटेल असं वाटत नाही. तुम्हालाही पटत नसेल तर शेवटचं बटण तुमच्यासाठीच ठेवलेलं आहे. ते दाबायचं की त्यातल्या त्यात बरा बघायचा, हे मी सांगणार नाही. माझ्या सांगण्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. फक्त नाव यादीत आहे का ते आधीच बघून ठेवा. नसेल तर नमुना ६ भरा. भरता येत नसेल तर आमच्याकडं या, अर्ज लिहून द्यायचं काम मी अजून करतो.