टॅबलेट घेताना आधी ठिपका बघा



सोयाबीनची दुसरी कोळपणी उरकली. तीन दिवस झाले भुरभुर चालू आहे, फवारणीला उघडीप नाही. म्हणून आजची नोंद जरा वेगळी. गेल्या महिन्यात आम्ही टॅबलेट घेतला, पेटीपुढं ठेवायला. तेव्हापासून दोघातिघांनी विचारलं की कसा निवडला आणि शेतीला त्याचा काय उपयोग. एकेकाला सांगण्यापेक्षा इथंच लिहितो. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण मॉडेलं सारखी बदलतात. मोजायचं कसं ते सांगतो, ते बदलत नाही.

आधी गरज काय होती ते. आमच्या भजनी मंडळाच्या चाली आण्णांच्या तीन रजिस्टरांत आहेत. आण्णा म्हणजे आमचे पेटीवाले, वय पंचाहत्तरच्या पुढं. तरुणपणी स्वरलेखन शिकले आणि चाळीस वर्षं ऐकलेली प्रत्येक चाल लिहून ठेवत गेले. प्रत एकच. कडा कसरीनं खाल्लेल्या, निळी शाई पुसट झालेली. रात्रीच्या उजेडात आता आण्णांना वही दिसत नाही, आणि मलाही चाळिशी लागली आहे. अभंगाचे शब्द गाथेत सापडतील, पण आमच्या गावची चाल दुसरीकडं कुठं मिळायची नाही. वह्या गेल्या की चाली गेल्या.

मोबाईल आहेच की, असं घरच्यांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका ठिपक्यात आहे.

आण्णांनी लिहिलंय ते भातखंडे पद्धतीनं. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची ही स्वरलिपी आज सगळीकडं शिकवतात. पलुस्करांची पद्धत वेगळी. भातखंडे पद्धतीत स्वराखाली ठिपका असला की तो मंद्र सप्तकातला, वर ठिपका असला की तार सप्तकातला. स्वराखाली आडवी रेघ असली की कोमल. मध्यमावर उभी रेघ असली की तीव्र. समेला फुली, खालीला शून्य. म्हणजे अक्षर मोठं दिसतं, पण खरी माहिती असते ती अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यात आणि बारीक रेघेत. भैरवीत रे, ग, ध, नि चारही कोमल. त्या चार रेघा दिसल्या नाहीत तर तीच ओळ बिलावल होऊन वाजते! औषधाच्या बाटलीवर दशांशचिन्ह न दिसण्यासारखंच हे.

आता माप. रजिस्टरचं पान जवळपास ए-४, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद. साडेसहा इंची मोबाईल उभा धरला तर रुंदी साधारण ६८ मिलिमीटर. पान उतरलं ३२ टक्क्यांवर. मूळ ५ मिलिमीटरचं अक्षर दीड मिलिमीटरचं होतं आणि ठिपका धूळ होतो. बोटांनी मोठं करावं तर एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. तिसरा हात आणायचा कुठून?

८ इंची टॅबलेटची रुंदी साधारण १०८ मिलिमीटर, म्हणजे पान निम्मं. १६:१० प्रमाणाच्या ११ इंचीची रुंदी १४८ मिलिमीटर, म्हणजे ७० टक्के. इथं एक युक्ती आहे. पानाला दोन्ही बाजूंनी २०-२० मिलिमीटर समास असतो. स्कॅन करताना तो कापला तर लिहिलेला भाग उरतो १७० मिलिमीटर, आणि तोच ११ इंची पडद्यावर ८७ टक्क्यांनी दिसतो. फुकटात पडदा मोठा झाला म्हणा ना. १२.९ इंची आयपॅडवर पान जवळजवळ मूळ आकारात येतं, पण त्याची किंमत आमच्या मंडळाच्या बाहेरची.

इंच बघताना आकाराचं प्रमाणही बघा. दुकानात सांगितलेले इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे असतात. लांबट पडदा सिनेमाला चांगला, कागदाच्या पानाला चौकोनाकडं झुकणारा बरा. १०.२ इंची ४:३ पडदा रुंदीला १५५ मिलिमीटर भरतो, म्हणजे ११ इंची लांबट पडद्यापेक्षा जास्त. पट्टी घेऊन जा आणि रुंदी मोजा, लाजायचं नाही. आपण बियाण्याची पिशवी तरी न बघता कुठं घेतो?

दुकानात मी आण्णांना बरोबर नेलं होतं आणि पेनड्राइव्हवर त्यांच्याच वहीची पाच पानं. पहिल्या पडद्यावर पान उघडून त्यांच्यापुढं धरलं.

"आण्णा, दिसतंय का?"

"दिसतंय रे. पण ह्या नि खालचा ठिपका कुठं गेला?"

"बारीक झाला असंल."

"बारीक नाही, गेलाच. दुसरा दाखवा म्हणावं."

तिसऱ्या पडद्यावर त्यांनी ठिपका बोट ठेवून दाखवला. पुसट शाईचं पान होतं, पडद्यावर काळं गडद करून घेतलं तेव्हा मूळ वहीपेक्षा स्वच्छ दिसलं. तोच घेतला. गाणी, सिनेमा, कॅमेरा, काही बघितलं नाही.

आडवा धरला तर ११ इंचीवर पान मूळ आकारापेक्षाही मोठं येतं, पण अर्धंच. अभंगाला हे चालत नाही, कारण प्रत्येक चरणानंतर धृपदावर परत यायचं असतं. धृपद वर सरकून गेलं की पंचाईत. म्हणून एक अभंग एका उभ्या पानात बसवायचा, धृपद वर, चरण खाली. पान उलटायला पायानं दाबायचं ब्लूटूथ पेडल मिळतं. टॅबलेटला ते कीबोर्डच वाटतं, पुढचं पान, मागचं पान एवढंच ते सांगतं. पण आपण मांडी घालून बसणारे, पाय मोकळा नसतो. आम्ही शेजारच्या टाळकऱ्याला शिकवलंय, नजरेनं खुणावलं की बोट लावतो. शून्य खर्च.

ॲपचं म्हणाल तर फोरस्कोर फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं. अँड्रॉइडला मोबाइलशीट्स आहे. सुरुवातीला साधा पीडीएफ वाचकही पुरतो. भजनाला बसताना चार गोष्टी करा: विमान मोड, पडदा आपोआप बंद होणं बंद, पान फिरणं लॉक, आणि उजेड कमी. शेवटचं विसरू नका. पावसाळ्यात रात्री उजळ पडदा म्हणजे प्रकाश सापळाच! पहिल्या दिवशी गवळणीला पडद्यावर स्वर कमी आणि किडे जास्त होते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं केली, तेव्हा निम्मे गेले.

आता रोजचा वापर. मंडळानं निम्मे पैसे दिले, निम्मे मी. म्हणून एकादशीला आणि गुरुवारी टॅबलेट देवळात, बाकी दिवस घरी. शेतीसाठी निवडताना तीन गोष्टी बघितल्या.

पहिली, कागदासारखा ई-इंक पडदा. उन्हात तो छान वाचता येतो आणि डोळ्याला गार वाटतो, नुसती पोथी वाचायची तर उत्तम. पण साध्या ई-इंकवर रंग नसतो. सोयाबीनच्या पानावर नवीन शेंड्याला शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता; पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे मिसळलेले असतील तर पिवळा मोझॅक. हा फरक काळ्या-पांढऱ्यात कसा करणार? म्हणून रंगीत घेतला. शेतात मोबाईलवर फोटो काढायचा आणि घरी मोठ्या पडद्यावर ताणून बघायचा, हा आता रोजचा नेम झालाय. मोबाईलवर जे नुसतं पिवळं दिसतं, त्यात शिरा इथं मोजता येतात.

दुसरी, सिम आणि जीपीएस. नुसत्या वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं. अँड्रॉइडमध्ये मॉडेलनुसार बदलतं, विचारून घ्या. ई-पीक पाहणीला शेतातलं लोकेशन लागतं, म्हणून ते काम मी मोबाईलवरच ठेवलंय. तरी सिमवाला घेतला, कारण माझा मोबाईल माझ्याबरोबर शेतात असतो आणि घरी मुलीचा अभ्यास, सातबारा, बाजारभाव बघायला नेट लागतं. घरात वाय-फाय असेल तर सिमचे जादा पैसे वाचवा.

तिसरी, ऊन. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराचं तापमान ०ते ३५ अंश सांगते. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच चाळीसच्या वर जातं. ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा बंद गाडीच्या काचेखाली कुठलाही टॅबलेट ठेवू नका, बॅटरी फुगते. धूळ-पाण्याचं आयपी ६८ मानांकन असलेले टॅबलेट मिळतात, पण ते उन्हापासून वाचवत नाही.

जागेची काळजी नको. एक रंगीत पान साधारण एक एमबी धरा, तिन्ही रजिस्टरं मिळून एक सिनेमासुद्धा भरत नाहीत. मात्र प्रती तीन ठेवा: एक टॅबलेटवर, एक पेनड्राइव्हवर देवळाच्या कपाटात, एक ऑनलाइन.

आता मुख्य गोष्ट. स्कॅन करताना कळलं की बरेच ठिपके वहीतच पुसले गेलेत. पडदा कितीही भारी असू दे, नसलेला ठिपका तो दाखवणार नाही. म्हणून रोज संध्याकाळी आण्णा येतात, पान उघडतो, ते गुणगुणतात आणि मी पडद्यावर पेननं हरवलेला ठिपका लाल रंगात भरतो. टॅबलेटवरच त्यांचा आवाजही रेकॉर्ड करतो, प्रत्येक पानाला एक. स्वरलिपीत हाडं असतात, मींड आणि ठेहराव गळ्यातच असतो. एकशे चाळीस पानांपैकी बावन्न झाली. परवा एका पानावर आण्णा बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "ही चाल माझ्या ध्यानातनं गेली बाबा." त्या पानावर लाल ठिपका नाही. ते तसंच ठेवलंय. शेजारच्या गावात त्यांच्या वयाचे एक मृदंगवाले आहेत, उघडीप मिळाली की आण्णांना गाडीवर बसवून त्यांच्याकडं नेणार आहे.

ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत, चालीच्या असोत नाहीतर आजोबांच्या पेरणी-पावसाच्या नोंदी असोत, त्यांनी टॅबलेट दिवाळीच्या सेलमध्ये घ्या हवं तर, पण पानांचे फोटो आज काढा, आणि लिहिणारा माणूस समोर आहे तोवर त्याला विचारा.

पेजवरच्या कृषी सहायक आणि विद्यापीठातल्या मंडळींना एक विनंती. फवारणीची तक्ता-पत्रकं फोटो चिकटवून पीडीएफ करू नका, युनिकोडमध्ये टाईप करून द्या. फोटोतल्या अक्षरात शोधता येत नाही आणि दशांशचिन्हाचा ठिपका तिथंही हरवतो.

तुमच्याकडं कुणी पेटीपुढं टॅबलेट वापरत असेल तर पान उलटायची काय सोय केली ते खाली लिहा. उघडीप मिळाली की पुढची नोंद सोयाबीनची.