मुक्काम पापाटोएटो

वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फिटावे या हेतूने १८५७ साली उत्तर हिंदुस्थानच्या वाटेला लागले, आणि झाशीचा वेढा, लुटालूट, उपासमार अशा अनंत आपत्तींतून जीव वाचवून कोकणात परतले तेव्हा त्यांच्यापाशी गंगेची कावड होती. त्या उदकाने त्यांनी आपल्या आईबापांना स्नान घातले. १९०७ साली छापून प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ अभ्यासक झाशीच्या हकिकतीसाठी वाचतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु मला त्या ग्रंथात सर्वांत मोलाचे वाटते ते हे स्नान. मैलोगणती तुडवलेली वाट त्या एका क्षणी आईच्या मस्तकावर रिती झाली, आणि प्रवास म्हणजे अखेरीस कोणापाशी तरी पोचणे, हा आपल्या लोकांचा जुना समज त्यात मूर्तिमंत झाला. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात उतरणारा चाकरमानी काय, किंवा १९९८ नंतर कोकण रेल्वेच्या डब्यात दाराशी उभा राहून गणपतीला घरी जाणारा त्याचा नातू काय, दोघांनाही वाटेतले डोंगर आणि खाड्या दिसत होत्याच. पण त्यांची दृष्टी लागलेली असे ती ओटीवर वाट पाहत बसलेल्या माणसाकडे.

माझ्या वाट्याला आलेली ओटी फार दूरची होती. न्यूझीलंडातील ऑकलंड शहराच्या दक्षिण अंगास पापाटोएटो नावाचे उपनगर आहे. १९६५ साली त्याला स्वतंत्र शहराचा दर्जा मिळाला होता, पुढे १९८९ साली ते मानुकाऊ शहरात आणि २०१० साली ऑकलंडच्या महापालिकेत विलीन झाले. विमानतळ तेथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे घरांच्या कौलांवरून विमाने इतकी खालून जातात की शेपटीवरचे चिन्ह ओळखू यावे. वस्तीतून ग्रेट साउथ रोड जातो. १८६०च्या दशकात वायकाटोतील माओरी लोकांवर फौजा नेता याव्यात म्हणून इंग्रज सैनिकांनी तो दक्षिणेकडे वाढवत नेला. आज त्याच रस्त्यावर, हंटर्स कॉर्नरपाशी, मेथीच्या जुड्या, कढीलिंब, लग्नाच्या साड्या आणि मिठायांची तबके मांडलेली आढळतात. पंजाबी, गुजराती, फिजीहून आलेली हिंदी कुटुंबे, सामोआ आणि टोंगाचे रहिवासी, आणि त्यांच्यात विखुरलेली आपली मराठी घरे, असा हा गाव आहे. त्यांतील एक घर माझ्या कन्येचे.

१९ मार्च २०२० रोजी त्या देशाने साथीच्या भयाने आपल्या सीमा परकीयांना बंद केल्या. त्याच वर्षी माझ्या नातीचा जन्म झाला. बारसे आम्ही पडद्यावर पाहिले, पहिला दात पडद्यावर पाहिला, आणि ती पहिले पाऊल टाकताना पडली, तेव्हा तिला उचलण्यासाठी माझ्या पत्नीचे हात आपोआप पुढे झाले ते त्या निर्जीव काचेवर थांबले. राज्यकर्त्यांच्या हुकुमाला कारण होते, त्याने कितीकांचे प्राण वाचले, हे मी मनोभावे मानतो. पण त्या दिवसांत जगभर किती आजीआजोबांचे हात असे काचेवर थांबले असतील, याचा हिशेब कोणत्याच दफ्तरात नाही. ३१ जुलै २०२२ च्या मध्यरात्री सीमा सर्वांना पूर्णपणे खुल्या झाल्या. आम्ही अर्ज केला, परवाना आला, आणि तिकडचा वसंत लागल्यावर सिंगापूरमार्गे तेथे उतरलो.

त्या विमानतळावर खाद्यपदार्थांची कसून झडती होते. मधाला मज्जाव, बुटाला लागलेली शेतातली मातीसुद्धा जाहीर करावी लागते, आणि काही लपवल्यास जागच्या जागी चारशे डॉलर दंड. पत्नीने गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांची यादी इतक्या सचोटीने लिहून दिली होती की अंमलदाराने पुड्या उलटसुलट पाहून सन्मानाने परत केल्या. मग आम्ही बाहेर आलो. कन्या धावत आली. नात मात्र आली नाही. ती माझ्यापासून चार हातांवर उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, तर खाली पाहत होती, मग हळूच जवळ येऊन तिने वाकून माझ्या पायांना हात लावला, चपलेचा अंगठा दाबून पाहिला, आणि आईकडे वळून विस्मयाने म्हणाली, “आजोबांना पाय आहेत!” दोन वर्षे तिचा आजोबा छातीच्या वर संपत होता.

त्या बालवाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. दूरध्वनीने आपल्याला आप्तांचा चेहरा दिला, आवाज दिला, खुशाली दिली; त्याचे उपकार मी अमान्य करीत नाही. परंतु चेहऱ्याच्या भोवतीचा मुलूख त्याला देता आला नाही. आमच्या न्याहारीच्या वेळी तिकडे दिवस कलत असे, तेव्हा कन्या बोलायला बसे; तिच्या मागे नेहमी तीच एक भिंत असे. त्या भिंतीच्या पलीकडे लिंबाचे झाड आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसते आणि भांडी घासताना ती त्याच्याकडे पाहत असते. तुळस हिवाळ्यात गारठते म्हणून काचेच्या आत ठेवावी लागते. सूर्य तेथे उत्तरेकडून फिरतो, म्हणून कपडे वाळत घालायची दोरीही आपल्या समजुतीच्या उलट बाजूस आहे. रात्रपाळीहून परतताना ती फाटकाशी क्षणभर थांबून मान मोकळी करते — हे सारे तेथे राहिल्यावरच मला कळले. मुलगी सुखात आहे, हे तिने शेकडो वेळा सांगितले होते. ते खरे वाटले, ती दाणे भाजता भाजता स्वतःशीच गुणगुणताना मी शेजारच्या खोलीतून ऐकले तेव्हा.

एके शनिवारी माझा शाळासोबती हॅमिल्टनहून भेटीस आला. त्या शहराहून ऑकलंडकडे ‘ते हुइया’ नावाची आगगाडी येते. २०२१ साली ती सुरू झाली, आणि पापाटोएटोच्या कडेच्या पुहिनुई स्थानकात ती थांबते. वायकाटो नदीच्या सोबतीने येणारी ही गाडी संथ आहे, मोटारीला तिच्याहून कमी वेळ लागतो. पण भेटीस निघालेल्या माणसाला असा थोडा विलंब मानवतो, मनाची जुळवाजुळव करायला अवसर मिळतो. फलाटावर आम्ही दोघेही एकमेकांना शोधत एकमेकांच्या जवळून गेलो. केस गेले होते, चण बदलली होती, आवाजही बसला होता. घरी येऊन चहा झाला, जुन्या मास्तरांच्या आठवणी निघाल्या, तरी काहीतरी अडून होते. मग त्याने एकदम घसा खाकरला आणि सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी लावली. वर्गात कविता म्हणायला उठवले की तो हेच करीत असे! तेवढ्या एका हालचालीने मधली सारी वर्षे बाजूला सरली आणि माझा मित्र माझ्यासमोर बसलेला मला दिसला. गुंडी लावून झाल्यावर त्याने आपल्या पत्नीच्या अखेरच्या आजाराची हकिकत सांगितली. पत्रात त्याने ती दोन ओळींत कळवली होती. तोंडाने सांगायला त्याला सबंध दुपार लागली, आणि मी मध्ये एकही शब्द बोललो नाही.

आमची मुदत संपत आली तेव्हा तिकडे शरद ऋतू होता. फिजोआची फळे त्या सुमारास आपण होऊन गळतात. ती तोडायची नसतात, पहाटे गवतातून वेचायची असतात. शेजारच्या सामोअन आजी कुंपणावरून पिशवी भरून देत, आणि माझी पत्नी ती पिशवी रिकामी परत करीत नसे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी कोणाच्या गुडघ्यात कोणत्या दिवशी कळ होती, हे दोघींना ठाऊक असे.

परत आल्यापासून संभाषणाची रीतच पालटली आहे. कन्या “जरा जाऊन येते” म्हणाली की मी मनाने तिच्यासोबत फाटकाबाहेर पडतो, पत्रपेटीवरून डावीकडे वळतो, हंटर्स कॉर्नरच्या दिव्यापाशी थांबतो. आता तिचे न दिसणे मला पूर्वीसारखे पोकळ वाटत नाही. त्यात घरे आहेत, झाडे आहेत, माणसे आहेत. तेथील सरकारने सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून स्थायिक मुलांच्या आईबापांसाठी पाच वर्षे मुदतीचा नवा परवाना सुरू केला आहे. वैद्यकीय तपासणी, विमा आणि मुलांच्या मिळकतीचे दाखले अशी त्याची दस्तऐवजांची मागणी आहे, आणि आमच्या मेजावर ते कागद एकेक करून जमत आहेत. नात आता शाळेत जाते. परवा ती मला शाळेची वाट समजावून देऊ लागली, तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितले की कोपऱ्यावरच्या हिरव्या घरापासून वळायचे, मला ठाऊक आहे.

“हिरवं नाही आजोबा,” ती म्हणाली, “ते आता निळं केलंय. तुम्ही या, मी दाखवते.”