एका फितीच्या दोन बाजू

‘स्प्लिट कॅसेट’ हा शब्द मला ऑफिसातल्या एका बेलारूसी पोरानं शिकवला. हा मिन्स्कचा. कामात एकदम शांत आणि कानात मात्र ब्लॅक मेटल. म्हणजे किंचाळणं, सुसाट ड्रम आणि मुद्दाम खरखरीत ठेवलेलं रेकॉर्डिंग. (आमच्या घरी याला गोंगाट म्हणतात. असो.) त्याच्याकडं दोन अंडरग्राउंड बँडनी मिळून काढलेली एक कॅसेट आहे. ए बाजू एकाची, बी बाजू दुसऱ्याची. खर्च निम्मा निम्मा आणि एकाचे श्रोते दुसऱ्याला आयते मिळतात. भागीदारीतलं दुकानच म्हणा ना.

आता कॅसेट कशाला, विचारलं तर म्हणाला, मोठी कंपनी लागत नाही. थोड्या प्रती काढायच्या, हातोहात जातात. त्याच्या देशात जाहीर कार्यक्रमाला सरकारी परवाना लागतो आणि नकोशा मंडळींना तो मिळत नाही. गुप्त पोलिसांचं नाव तिथं आजही केजीबीच आहे.

कॅसेटचं माहेर एका अर्थी जर्मनीच. 1935 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीनं मॅग्नेटोफोन मांडला, त्यातली फीत बीएएसएफची. 1963 साली याच प्रदर्शनात फिलिप्सनं आपली ओळखीची छोटी कॅसेट आणली. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद. दोन बाजू म्हणतो खरं, पण दोन्ही एकाच पृष्ठभागावर शेजारी शेजारी असतात, फक्त उलट दिशेनं धावतात. फीत कुरतडली गेली की दोन्ही बाजू जातात.

हे सगळं मी एका संध्याकाळी आमच्या शेजाऱ्यांना सांगत होतो. साठीचे गृहस्थ, मूळचे एरफुर्टचे, म्हणजे पूर्वाश्रमीच्या पूर्व जर्मनीतले. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्याकडंही एक स्प्लिट होतं. निघालं एलपी म्हणून, पण आम्ही ऐकलं कॅसेटवरच. कॉपीची कॉपी.”

त्या रेकॉर्डचं नाव ‘डीडीआर फॉन उंटेन’, म्हणजे ‘खालून दिसणारा पूर्व जर्मनी’. साल 1983. तेव्हा तिथं चारचौघांत वाजवायचं तर समितीपुढं परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागे. आपल्याकडं नाटकाच्या संहितेला परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का लागतो, त्यातलाच प्रकार, पण फार कडक. कार्यक्रमात किमान 60 टक्के गाणी समाजवादी देशांतली हवीत, असा 1958 पासूनचा नियम. रेकॉर्ड काढणारी कंपनीही सरकारीच. पंक पोरांना तिथं कोण उभं करणार?

म्हणून ड्रेस्डेनमध्ये गुपचूप रेकॉर्डिंग झालं आणि फीत चोरून पश्चिम बर्लिनला गेली. तिथल्या एका छोट्या कंपनीनं एलपी काढली. एका बाजूला ‘त्स्विचरमाशिने’ हा चित्रकार-कवींचा बँड, नाव पाउल क्लेच्या चित्रावरून घेतलेलं. दुसरी बाजू आधी बर्लिनच्या ‘रोझा एक्स्ट्रा’ला द्यायची होती, पण श्टाझीचा दबाव आला आणि त्यांनी माघार घेतली. त्यांच्या जागी आला एरफुर्टजवळच्या खेड्यातला ‘श्लाइमकाइम’. ओळख लपवायला त्यांनी टोपणनाव घेतलं, पण लपलं काहीच नाही. त्यांच्या ओट्झे नावाच्या गायकाला लवकरच तुरुंगाची हवा खावी लागली.

लपलं कसं नाही, हे कळायला आठ वर्षं जावी लागली. त्स्विचरमाशिनेचा गायक आणि या उद्योगातला मुख्य खटपट्या होता कवी साशा अँडरसन. ऑक्टोबर 1991 मध्ये गायक-कवी वोल्फ बीरमाननं ब्यूखनर पुरस्काराच्या भाषणात जाहीर केलं, की हा श्टाझीचा खबऱ्या होता. अँडरसननं आधी नाकारलं, मग कागदच बाहेर आले. म्हणजे सरकारला बँड फोडायची गरजच पडली नव्हती. सरकार रेकॉर्डिंगला हजर होतं आणि माइकसमोर गात होतं!

1992 पासून लोकांना आपापल्या फाइली वाचायला मिळू लागल्या. एकूण कागद 111 किलोमीटर. 1989 साली खबरे होते सुमारे 1,89,000 आणि लोकसंख्या होती सुमारे 1 कोटी 60 लाख. त्स्विचरमाशिनेच्या संस्थापकांपैकी एक, चित्रकार कोर्नेलिया श्लायमे, 1984 मध्ये देश सोडून गेली होती. तिनं आपली फाइल मागवली, तर त्यात आपल्याच बँडमधल्या मित्रानं दिलेल्या खबरा निघाल्या. तिनं त्या पानांवर स्वतःचे नाटकी, खट्याळ फोटो चिकटवून 1993 मध्ये एक चित्रमालिकाच केली. रडण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं असावं.

मी शेजाऱ्यांना विचारलं, “मग तुमची फाइल?”

“मागवली नाही.”

मला नवल वाटलं. बिघाड झाला की मूळ कारण शोधायचं, हे आम्हा इंजिनियर लोकांच्या हाडीमांसी भिनलेलं. अर्ज आजही करता येतो, खर्चही फारसा नाही. मी तसं म्हणालोही.

ते म्हणाले, “ती कॅसेट कॉपी करून वाटणारे आम्ही पाच जण होतो. पाचही जण अजून मित्र आहोत. दर ख्रिसमसला भेटतो. एखादं पान वाचून चारच उरले, तर त्या पानाचं मी काय करू?”

“आणि पाचही जण निर्दोष निघाले तर?”

यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तर इतकी वर्षं त्यांच्यावर थोडासा संशय घेतला, याची लाज वाटेल.”

श्लायमेचं मला पटतं. ज्यानं विश्वास विकला त्याचं नाव उजेडात यायलाच हवं, नाहीतर पुढच्या पोरांनी कुणाच्या भरवशावर काही करायचं? पण ज्याला रोज त्या चौघांबरोबर जगायचंय, त्याला हे मी कोणत्या तोंडानं सांगू? आपण बाहेरून आलेले, आपल्या नावाची फाइल त्या कपाटात नाही. तुम्ही असता तर मागवली असती का?