भरमार बंदूक आणि झोलिंगेनची सुरी

बंदूक नाहीशी झाली तरी तिचे शब्द भाषेत मागे राहतात. आपण मत ठासून मांडतो, सभागृह ठासून भरते, एखाद्या पुढाऱ्याची घोषणा फुसका बार ठरते, भांडण विझत आले की कोणीतरी बत्ती देतो. वर्गात हे वाक्प्रचार आले की आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो, बार म्हणजे नेमके काय आणि तो फुसका कशाने होतो? उत्तर सहसा येत नाही. नळीतली दारू दमट राहिली किंवा बोळा सैल बसला, तर तोंडाशी नुसता भपकारा निघतो आणि छर्रे जवळच सांडतात. एवढे सांगितले की वाक्प्रचार डोळ्यांपुढे उभा राहतो.

सुरीच्या वाट्याला मात्र भाषेत बहुतेक दगाबाजीच आली. कुणाच्या गळ्यावर सुरी ठेवली जाते, कुणाच्या पाठीत सुरा खुपसला जातो, आणि सोन्याची झाली तरी ती उरात मारून घ्यायची नसते. शिकारीच्या गोष्टींतही तिची गत फारशी वेगळी नाही. पाग, चाहूल, नेम, बार अशी वर्णनाची चढण असते आणि बार झाला की लेखक थांबतो. त्यानंतर सुरीने जे काम करावे लागते त्याबद्दल तो बहुधा गप्प राहतो. त्या गप्प जागेविषयी लिहावे असे आम्हांला वाटले, कारण आमच्या घरातली बंदूक गेली आणि सुरी राहिली.

आम्ही म्हणजे दोघे. एक अमरावतीच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरी त्याच कामासाठी अकोल्याला जाते-येते. बंदूक आणि सुरी हे दोन्ही आमच्यातल्या एकीच्या आजोळचे. ते गाव नरनाळ्याच्या पायथ्याकडे, अकोट तालुक्यात. मागे सातपुडा, पुढे काळी जमीन. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरे आणि रोही डोंगरातून उतरतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेथे जागल आहे. शेतात चार बल्ल्यांवर माळा, माळ्यावर घोंगडी, कंदील, गोफण, आणि ज्याला परवाना मिळाला त्याच्याकडे ठासणीची बंदूक. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. आबाजींकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, अशी एक भरमार होती.

हा परवाना म्हणजे सरकारची कुणावर झालेली मेहेरबानी नव्हती. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात, पिकाच्या प्रामाणिक रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना देण्याची तरतूद आहे. एवढ्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. कायदा करणाऱ्यांना शेतकऱ्याच्या हाती हत्यार द्यायचे होते, पण शक्यतो सावकाश चालणारे. आमच्या भागाला या हत्याराची ओळख जुनी आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगडावर वेलस्लीच्या फौजेने लढाया जिंकल्या, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बंदुका तोंडातूनच भरल्या जात होत्या. नरनाळ्यावरची प्रसिद्ध नऊगजी तोफही त्याच कुळातली.

भरमार भरणे हा एक विधीच असतो. नळी उभी धरायची, मापाने दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे किंवा गोळी, वर पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. ही काळी दारू म्हणजे सुमारे पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा आणि दहा टक्के गंधक. ती जळताना भरपूर काजळी मागे ठेवते, काजळी हवेतला ओलावा ओढून घेते, आणि नळी गरम पाण्याने धुतली नाही तर गंज धरतो. त्या काळच्या कवायती शिपायाकडे कागदी काडतुसे असत आणि तो मिनिटाला दोन-तीन बार काढी. अंधारात, थंडीने गारठलेल्या बोटांनी माळ्यावर बसलेल्या शेतकऱ्याला एकच बार मिळतो. दुसरा भरेपर्यंत जनावर एक तर डोंगरात गेलेले असते, किंवा जखमी होऊन तुरीत दडलेले असते.

त्या दुसऱ्या शक्यतेसाठी सुरी असते. युरोपातही ठासणीच्या बंदुकीच्या काळात शिकारी पाते जवळ बाळगल्याशिवाय रानात जात नसे. जर्मन भाषेत या पात्यांची वेगवेगळी नावे आहेत. हिर्शफेंगर हे तलवारीच्या जातीचे सरळ, लांब पाते, जखमी हरणाचा शेवट करण्यासाठी. वाइडब्लाट हे रुंद आणि जड, आपल्या कोयत्याच्या जवळ जाणारे. निकर ही त्यांतली छोटी सुरी. तिचे नाव मानेच्या मागच्या भागावर करायच्या घावावरून पडले, कारण तेथे पाते गेले की जनावराची तडफड थांबते. एका शब्दात क्रिया, जागा आणि हेतू तिन्ही आले. मारलेल्या जनावराच्या तोंडात झाडाची डहाळी ठेवण्याची एक रीतही तेथील शिकाऱ्यांनी जपली आहे. तिला ते शेवटचा घास म्हणतात.

आबाजींची सुरी याच परंपरेतली. त्यांचे धाकटे भाऊ राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात नोकरीला होते. तो कारखाना पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने उभा राहिला, आणि तेथून मायदेशी परतणाऱ्या एका अभियंत्याने जाताना ही सुरी त्यांना दिली. पाते सहा इंचांचे, जाड कण्याचे, पितळी आड, कातडी म्यान. पात्यावरची कारखान्याची खूण झिजली आहे, झोलिंगेन एवढी अक्षरे मात्र वाचता येतात. पात्यांसाठी शेकडो वर्षे नावाजलेले हे जर्मन शहर आहे. त्याचे नाव कोणत्याही मालावर कोणीही छापू नये म्हणून तेथे १९३८ मध्ये कायदा झाला.

मूठ सांबराच्या शिंगाची आहे. सांबर दरवर्षी शिंगे टाकतो आणि नवी येतात. त्याचे शिंग भरीव, आत भेंड थोडे, वर खडबडीत खाचा, त्यामुळे ओल्या हातातही मूठ निसटत नाही. झोलिंगेनचे कारागीर अशा मुठींसाठी भारतातली शिंगे वर्षानुवर्षे नेत होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात थांबवली. आमच्या मुठीचा सांबर कोणत्या रानातला हे शिंगावर लिहिलेले नसते. पण भारतातल्या रानात पडलेले शिंग समुद्रापार जाऊन पोलादाला जोडले गेले आणि सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन थांबले, एवढा प्रवास त्या मुठीत नक्की आहे. आजी सांबरशिंग सहाणेवर उगाळून बरगडीच्या दुखण्यावर लेप लावायची. त्याच शिंगाची मूठ असलेल्या सुरीला मात्र तिने स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही.

माळ्यावर सुरीला रोजचे काम होते. बोळ्यासाठी चिंध्या कापणे, टोपीच्या जागेवरची काजळी खरवडणे, दोर तोडणे. क्वचित दुसरे काम यायचे. साठीच्या दशकात आबाजींनी दोन-तीन डुकरे मारली, आणि त्यांतले एक बार लागूनही तुरीत शिरले. ते कंदील आणि सुरी घेऊन मागे गेले. ही हकिकत ते सांगत तेव्हा बाराबद्दल अर्धे वाक्य असे, आणि उरलेले सगळे तुरीतल्या त्या चाळीस पावलांबद्दल. जनावर कोणत्या कुशीवर पडले होते, श्वास कसा वाजत होता, हात कुठे ठेवावा लागला. शौर्याचा सूर त्यात कधी नव्हता. सुरू केलेले काम आपणच संपवायचे असते, असे ते म्हणत आणि विषय बदलत. आमच्यातला एक जण माळकरी घरातला. त्याला ही हकिकत पहिल्यांदा ऐकवली नव्हती. आज ती त्याला शिकारीच्या कोणत्याही छापील वर्णनापेक्षा प्रामाणिक वाटते.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने पूर्णपणे संपले. हे व्हायलाच हवे होते याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आबाजींनी बहात्तरनंतर नळीत छर्रे घातले नाहीत. नुसती दारू आणि बोळा, आवाजापुरता बार. सुरी दोर तोडण्यापुरती उरली. ते गेल्यावर परवाना पुढे चालवायला कोणी तयार झाले नाही, कारण दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करणे आणि नूतनीकरणासाठी खेटे घालणे मामांना झेपणारे नव्हते. बंदूक कायमची जमा झाली. सुरीला परवाना लागत नव्हता, कारण शस्त्र नियमांतली मर्यादा नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी अशी आहे. ती आमच्याकडे आली. पाते साध्या पोलादाचे असल्याने लिंबाचा थेंबही डाग पाडतो. म्हणून आम्ही ते पुसतो, तेल लावतो, दगडावर धार धरतो, आणि ती आमच्या कपाटात मराठी कोशांच्या शेजारी असते.

डुकरे मात्र जमा झाली नाहीत. ती वाढली. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याकडे परवानगी मागता येते, भरपाईचा अर्जही करता येतो, पण कणसे एका रात्रीत जातात. या पेचातून विदर्भात एक भयंकर उपाय रूढ झाला. शेताभोवती उघडी तार लावायची, वरच्या वाहिनीवर आकडा टाकून तिच्यात वीज सोडायची आणि घरी जाऊन झोपायचे. या तारांनी डुकरे मेली तशी गुरे मेली, वाघ मेले, पहाटे शेतात निघालेली माणसे मेली. रात्री तेथे कोणीच नसते. काय मेले हे सकाळी कळते.

अशा वेळी आम्हांला दशरथ आठवतो. शब्दवेधाचा त्याला अभिमान होता. पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज त्याने हत्तीचा समजला आणि न पाहता बाण सोडला. तरीही तो आवाजाच्या दिशेने चालत गेला, जे केले ते त्याने पाहिले, मरणाऱ्या मुलाचे शब्द ऐकले, आंधळ्या आईबापांपुढे उभा राहिला आणि शाप घेतला. जरा नावाचा व्याधही आपला बाण कोठे लागला हे पाहायला श्रीकृष्णाच्या पायाशी आला होता. आपल्या कथांनी न पाहता मारणाऱ्यांना क्षमा केलेली नाही, पण त्यांना जागेवर जायला लावले आहे. भरमार आणि सुरी ही जोडी हेच करायला लावत असे. एकच बार असल्याने नेम धरताना थांबावे लागे, आणि तो चुकीचा लागला तर चालत जाऊन हाताने शेवट करावा लागे. तारेला ना नेम असतो ना ती चाळीस पावले. आबाजींच्या हातून झालेली हत्या हत्याच होती, पण तिथे एक माणूस हजर होता.

हे सगळे वर्गात सांगणे सोपे आहे. गेल्या कार्तिकात आजोळी गेलो तेव्हा मामेभावाच्या मुलाने गोठा दाखवला. कडब्याच्या आड तारेचे नवे भेंडोळे होते. त्याच्या दोन एकर हरभऱ्यात डुकरांनी नांगरट केली होती. आम्ही तारेविरुद्ध बोलू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “बंदूक तं जमा झाली आत्या. आता डुकराईले काय पुस्तक वाचून दाखवू काय?”

या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते, आणि त्याला दशरथाची गोष्ट सांगण्याचे धाडस झाले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर सौर कुंपणाची चौकशी करायला गेलो. या कुंपणाच्या तारेत क्षणभराचे झटके येतात. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना त्यासाठी शासकीय योजनेतून अनुदान आहे. अर्ज आम्ही भरून दिला, कागदपत्रांच्या प्रती काढल्या, पोच घेतली. तो मंजूर होईपर्यंत तार लावायची नाही, असा शब्द त्याच्याकडून घेतला. बदल्यात त्यानेही आमच्याकडून एक घेतला. शनिवारी रात्री आमच्यापैकी एकाने त्याच्याबरोबर जागलीला बसायचे.

त्याप्रमाणे बसतो. माळा नव्याने बांधायचा होता तेव्हा त्याने सुरी मागून घेतली, दोर कापले आणि पुसून परत केली. रात्री डबा वाजवतो, बॅटरी फिरवतो, आरोळी देतो. डुकरे थोडी मागे सरतात, पहाटेकडे पुन्हा येतात. सोमवारच्या पहिल्या तासाला डोळे जड असतात. अर्ज अजून मंजूर झालेला नाही. भेंडोळे गोठ्यातच आहे, आणि गेलो की आम्ही आधी ते पाहून येतो.