अंदाजानं आवळलेले नट

अनगोळमध्ये राहायचं आणि हाताला ऑइल लागू द्यायचं नाही, हे जरा अवघडच. एका अंगाला भाताची शिवारं, दुसऱ्या अंगाला उद्यमबागचे कारखाने. आमच्या गल्लीत कुणी लेथवर, कुणी मिलिंगवर, कुणी फाउंड्रीत मोल्डिंगला. मी लेथवरचा. मायक्रोमीटरवर 0.01 मिलिमीटर इकडचं तिकडं झालं की जॉब रिजेक्ट, असल्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळं घरच्या पिकअपचे पाटे बदलायची वेळ आली तेव्हा गॅरेजला पैसे कशाला घालवायचे, असं मला अगदी मनापासून वाटलं. इथूनच सगळं बिघडत गेलं.

गाडी भाऊ चालवतो. संध्याकाळी मार्केटात भाजी भरायची आणि रातोरात जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या घाटानं गोव्यात उतरायचं. पावसाळ्यात त्या रस्त्यावर एक हंगाम काढला की गाडीच्या खालच्या अंगाचं काय होतं, हे त्या वाटेनं माल नेणाऱ्या कुणालाही विचारा. आमच्या गाडीला आठ वर्षं होऊन गेलेली, म्हणजे फिटनेसचं पासिंग दरवर्षी. ते तोंडावर आलं होतं. मागून कुईकुई आवाज येत होता, खड्ड्यात गेली की दणका थेट कमरेत बसायचा आणि रिकामी उभी केली तरी गाडी डावीकडं कललेली दिसायची.

मी काय केलं? दोन्ही मागचे शॉकअप बदलले. का? तर ते समोर दिसतात, दोन-दोन नटांवर असतात आणि दुकानात लगेच मिळतात. पण शॉकअप गाडी उचलून धरत नाही. वजन पेलतो पाटा. पाटा खाली-वर नाचायला लागला की ते नाचणं आवरायचं, एवढंच शॉकअपचं काम. गाडी एका बाजूला कलली असेल तर शॉकअपकडं बघायचं कारणच नाही. सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या चॅसीपर्यंत दोन्हीकडं टेप लावला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. कलणं पहिल्यासारखंच राहिलं तेव्हा कुठं मी टेप आणला. डावी बाजू चांगली दोन बोटं खाली होती.

मग पाट्यावरचा चिखल धुतला. धुतल्यावरही पहिल्या नजरेला काही दिसलं नाही. बॅटरी लावून, गाल जमिनीला टेकवून बघितलं तेव्हा दिसलं : यू-बोल्टच्या पट्टीला अगदी लागून, वरून तिसऱ्या पाट्याच्या कडेला तांबूस गंजाची केसाएवढी रेघ. टॉमी घालून जरा उचकटल्यावर ती रेघ उघडली. पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून मोडला होता. आतली निम्मी चीर जुनी, काळपट. निम्मी ताजी, चकचकीत दाणेदार. म्हणजे तो एका दणक्यात तुटला नव्हता. बरेच दिवस थोडाथोडा चिरत गेला होता. शॉपमध्ये असा तुकडा हातात आला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता, ‘इथंच का मोडला?’ घरी तो विचारला नाही. मोडला ना, मग नवा घालू, संपला विषय.

काकांनी उभी हयात ट्रक चालवलेली. ते कट्ट्यावरून बघत होते. म्हणाले, “पाटेवाल्याकडं ने की गा. तू कशाला करूलास हे?”

“काका, चार नट तर हाईत.”

“नट चारच हाईत खरं, वर गाडी हाय की.”

अंगण मातीचं, त्यात आदल्या रात्री पाऊस झालेला. मी जॅकखाली फळीचा तुकडा टाकला, चॅसी उचलली आणि आधाराला घराच्या कामातून उरलेल्या विटा रचल्या. गाडीखाली सरकणार इतक्यात काकांनी हाक मारली आणि चाकाला पाय लावून गाडी नुसती हलवली. फळी मातीत रुतली, जॅक तिरका झाला, वरची वीट उभी चिरली आणि गाडी हातभर खाली आली. त्या जागेत मी नव्हतो, ते काकांमुळं. वीट भिंतीत भार सोसते, कारण तिथं तो तिच्या सगळ्या अंगावर सारखा येतो. चॅसीची कड एका रेघेवर टेकली की तीच वीट फुटते. पोकळ सिमेंटच्या ब्लॉकचंही तेच. हायड्रॉलिक जॅक हा उचलण्यापुरता असतो, आत एक रबरी सील असतं आणि ते कधी सुटेल ते आधी सांगत नाही. त्या दिवशी काम बंद केलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमधली काँक्रिटची जागा मागून घेतली आणि शॉपमधून लोखंडी स्टँड आणले. सबंध प्रकरणात मी वेळेत सुधारलेली चूक एवढी एकच.

मागच्या शॅकलची पिन गंजून बसली होती. नट पूर्ण काढून टाकून मी पिनेच्या तोंडावर घण घातला. लेथवर आटे पाडून पोट भरणाऱ्या माणसानं हे केलं. आट्यांचं तोंड फुलून छत्रीसारखं झालं आणि आधी निदान बुशातून येऊ शकणारी पिन आता येईनाशीच झाली. नट तोंडाशी येईल इतपत ठेवून त्याच्यावर ठोकायचं असतं, म्हणजे आटे वाचतात. शेवटी हॅक्सॉनं पिन कापली. त्यात अर्धा दिवस गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं सोलून निघाली.

दुकानात नवा पाटा आणायला गेलो तेव्हा तिथं उभ्या असलेल्या एकानं सल्ला दिला, ‘भाजीची गाडी हाय, एक पाटा जादाच घाला.’ आमच्या भागात हा सल्ला फुकट मिळतो आणि पुष्कळ गाड्यांखाली तो दिसतोही. मला पटला. जादा पाटा घातल्यावर गाडी मागून ताठ उभी राहिली, भाऊ खूश. त्या पाट्यानं ॲक्सल, टायर, बेअरिंग, ब्रेक यांतल्या कशाचीही ताकद वाढत नाही, हे दोघांनाही सुचलं नाही. शिवाय आमच्या गाडीच्या मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह आहे, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली. गाडी मालानं खाली बसली की ती दांडी फिरते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. पाटे ताठ केले की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाट उतरणाऱ्या गाडीला मी ही भेट दिली होती. दंडाची गोष्ट वेगळीच : मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला 20,000 रुपये आणि वरच्या दर टनाला 2,000 रुपये लिहिलेत.

आता मुख्य चूक. नवे पाटे बसवताना यू-बोल्ट मी जुनेच घातले. वायर ब्रशनं घासले, ऑइल लावलं, नट हातानं फिरला, मला वाटलं झकास. मग पान्यात लांब पाइप घातला आणि ‘आता हलत नाही’ असं वाटेपर्यंत ओढलं. टॉर्क रेंच शॉपमध्ये माझ्याच कपाटात होता. तो आणायला सायकलवरून दहा मिनिटं लागली असती.

‘आता हलत नाही’ हे काही माप नव्हे. तीस सेंटिमीटरच्या पान्यावर वीस किलोचा जोर दिला तर सुमारे 59 न्यूटन-मीटर टॉर्क होतो. पाइप घालून पाना नव्वद सेंटिमीटरचा केला की तोच जोर 176 च्या घरात जातो. हाताला दोन्ही वेळी सारखंच वाटतं. त्यात आटे कोरडे असले तर टॉर्कचा मोठा वाटा घासण्यातच जातो, ऑइल लावलेले असले तर तितक्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. यू-बोल्टचं काम त्या ताणावरच चालतं. ॲक्सल आणि पाटे एकमेकांवर इतके घट्ट दाबून धरायचे की मधे काही सरकूच नये. एकदा पुरता ताणला गेलेला, आटे थकलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढा ताण धरत नाही, म्हणून पाटे उघडले की यू-बोल्ट आणि नट नवे घालायचे असतात. मला हे ठाऊक नव्हतं म्हणू का? मशीनच्या बोल्टबाबत ठाऊक होतं. गाडीच्या बोल्टला मी तो नियम लावला नाही, इतकंच.

आणखी दोन गोष्टी केल्या, दोन्ही रबरी बुशांच्या. नवे बुश सहज आत जावेत म्हणून त्यांना भरपूर ग्रीस फासलं. ज्या पिनेला ग्रीसचं निपल असतं तिला ग्रीस हवंच. पण साध्या रबराला खनिज ग्रीस लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरलं असतं. दुसरं, चाकं अधांतरी असतानाच पिनांचे नट कचकचून आवळले. रबरी बुश पिनेवर फिरत नाही, पिळला जातो. ज्या स्थितीत नट आवळाल ती त्याची मोकळी स्थिती ठरते. लटकत्या ॲक्सलवर आवळून नंतर गाडी खाली सोडली म्हणजे उभ्या गाडीतही बुश कायमचा पिळलेला. कपडा पिळून तसाच दोरीवर टाकावा आणि वर त्यालाच ओझं टांगावं, तशातली गत. नट बोटानं बसवून गाडी चाकांवर उतरवायची, जरा हलवायची, मग शेवटचं आवळायचं, एवढाच क्रम होता.

गाडी रस्त्याला लागली. थोडे दिवस सगळं गोड. पुन्हा नट बघायचं माझ्या मनातही आलं नाही. नवे पाटे, नवे बुश थोडं चालल्यावर जागा धरतात, मधला गंज-रंग चेपतो आणि बोल्टचा ताण उतरतो. म्हणून पाचशे-हजार किलोमीटरच्या आत एकदा पुन्हा टॉर्क लावायचा असतो.

मग एका रात्री किणयेच्या पुढं भावाच्या लक्षात आलं की गाडी सरळ जायला स्टीअरिंग थोडं वाकडंच धरावं लागतंय. त्याला वाटलं, टायरमध्ये हवा कमी असेल. जांबोटीला उतरून बघितलं तर डाव्या मागच्या टायर आणि हौद्यामधली फट पुढच्या अंगाला बोटभर आणि मागच्या अंगाला चार बोटं. ॲक्सल डावीकडून पुढं सरकला होता, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालली होती. त्यानं फोन केला आणि वर ‘आवाज काही येत नाही, जाऊ काय तसंच?’ असंही विचारलं. नको म्हणायची बुद्धी झाली, हे नशीब. पुढं घाट होता. माल दुसऱ्या गाडीत चढवून पाठवला. भाडं गेलं, वर त्या गाडीचं भाडं आमच्या अंगावर.

या खेपेला गाडी पाटेवाल्या मामांकडं गेली. त्यांनी पट्टी उघडली आणि सेंटर बोल्टचे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. डोकं एकीकडं, दांडा एकीकडं, मधे कापल्यासारखं साफ.

“यू-बोल्ट जुनेच घातलास काय?”

“होय.”

“पाटा नवा घातलास खरं, आधीचा कशानं मोडला ते बघितलास काय?”

तेव्हा ती गंजाची रेघ मला नीट वाचता आली. सेंटर बोल्ट पाटे एकत्र ठेवतो आणि त्याचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसून जागा दाखवतं, ओढ सोसणं हे त्याचं काम नव्हे. ओढ सोसते ती यू-बोल्टच्या दाबानं. तो दाब सैल झाला की पाटा पट्टीच्या आतही वाकायला लागतो, आणि तिथं नेमकं भोक असल्यानं तोच त्याचा सगळ्यांत कच्चा भाग. म्हणजे पहिला पाटा मोडला तोच मुळी यू-बोल्ट सैल असल्यानं. मी मोडलेलं काढलं आणि मोडणारं तसंच ठेवलं. जादा पाट्यानं थप्पी जाड झाली होती, त्यामुळं जुन्या बोल्टांचे शेवटचे, गंजलेले आटेच तेवढे नटात आले होते, हेही मामांनी बोट ठेवून दाखवलं. मी मोडलेला पाटा वेल्ड करून स्पेअर ठेवू म्हणालो, तर ते नुसते हसले. स्प्रिंगचं पोलाद पाणी देऊन तयार केलेलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याचं पाणी उतरतं आणि जोडाच्या शेजारीच ते ठिसूळ होतं.

जादा पाटा निघाला, यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवे आले, ग्रीसनं फुगलेले बुश टाकून दिले. टॉर्क रेंच मी माझा नेला होता. मामांनी तो कौतुकानं बघितला आणि समोरासमोरचे नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळायचे, हे करून दाखवलं.

घरी करूच नये असं मी म्हणत नाही. शॉकअप आणि बुश आजही मीच बदलतो, काँक्रिटवर, स्टँडवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून. पाट्यांची थप्पी मात्र उघडत नाही. सेंटर बोल्ट काढला की दाबलेले पाटे उसळतात आणि ते धरायला पाटेवाल्याकडं जो शिकंजा असतो तो माझ्याकडं नाही.

शॉपमध्ये मी मोजतो कारण तिथं रीडिंग लिहायला कागद असतो आणि तो बघायला इन्स्पेक्टर असतो. घरच्या कामाला दोन्ही नव्हते. आता गाडीच्या कागदांबरोबर एक वही असते : तारीख, किलोमीटर, कुठला नट किती न्यूटन-मीटरला आवळला, आणि पुन्हा कधी बघायचा. भाऊ पूर्वी ‘आवळलास काय?’ असं विचारायचा. आता ‘कितीवर?’ असं विचारतो, आणि आकडा सांगता आला नाही तर चावी हातात घेत नाही.