गप्प बसलेले दोन स्विच



या पानावर खरे तर गणेशोत्सवाचा हिशेब यायचा होता. खजिनदारांनी तो पुढच्या अंकावर ढकलला, म्हणून संपादकांनी आम्हाला गाठले. तेव्हा कारखान्यातली एक हकीकत लिहितो. ती मंडळाच्याच एका कार्यकर्त्याची आहे आणि तिच्यात चूक आमची आहे.

आमची नोकरी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, रेझिन बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. मागच्या शेडमध्ये एक थंड खोली आहे, तिथे सेंद्रिय पेरॉक्साइडे ठेवतो. हा मोठा रागीट पदार्थ. ठरलेल्या तापमानाच्या वर गेला की आपोआप विघटन पावू लागतो, त्यातून उष्णता निघते आणि ती उष्णता विघटनाला आणखी घाई करते. बाहेर पंचेचाळीस अंशांचा ऑगस्ट असला की आमचे अर्धे लक्ष त्या खोलीकडेच असते.

खोलीतला तापमापक कारखान्याच्या नेटवर्कला जोडलेला आहे. कार्यालयातला एक संगणक दर ५ मिनिटांनी सगळ्या स्विचना आणि त्या तापमापकाला विचारून येतो, ठीक आहात ना? (स्विच म्हणजे सगळ्या संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात ती पेटी, दिव्याच्या बटणाशी तिचा संबंध नाही. आमच्या घरी हे दोनदा सांगावे लागले.) उत्तरात काही बिघाड दिसला की आमच्या मोबाइलवर संदेश येतो.

मागच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी त्या खोलीचे यंत्र बंद पडले आणि संदेश आला तो वीस मिनिटांहून जास्त उशिरा. दार बंद होते, तापमान चारच अंश चढले होते, राखीव यंत्र चालू करून निभावले. पण आमचे हात थरथरत होते. त्याच हातांनी नोंदवहीत लिहिले, 'नेटवर्क अतिशय संथ. धोकादायक.' खाली सही केली, सहीपुढे पीएच.डी. लावली.

त्या एका ओळीने भराभर काम केले. अरबाबनी बाहेरच्या कंत्राटदाराकडून नव्या तारांचे आणि नव्या स्विचचे दरपत्रक मागवले. नेटवर्क सांभाळणाऱ्या मुलाला महिनाअखेर निरोप द्यायचेही ठरले. हा मुलगा मिरजेकडचा. आपल्या गणपतीत माइक आणि प्रोजेक्टर पाहतो तोच. व्हिसा नोकरीला बांधलेला, बायको आणि लहान मुलगी दोनच महिन्यांपूर्वी इकडे आलेली.

तो भांडायला आला नाही. कॅफेटेरियात करक घेताना एवढेच म्हणाला, "सर, नेट स्लो नाहीये. मी मोजलंय. पण ऐकतंय कोण?"

'मोजलंय' हा शब्द आमच्या वर्मी लागला. आयुष्य मोजण्यात गेले आणि इथे न मोजताच आम्ही सही ठोकली होती.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे बसलो. रसायनशास्त्रात आधी कोरी चाचणी घेतात, म्हणजे नमुना न घालता सगळी कृती करून पाहायची. त्याने तसेच केले. एकाच मोठ्या स्विचच्या दोन टोकांना दोन संगणक लावून १ गिगाबाइटची फाइल पाठवली. दहा-अकरा सेकंदांत पोचली. तारा गुणी होत्या. मग त्याने त्याच स्विचला स्वतःची खबर विचारली, तर उत्तराला चांगलाच वेळ लागला. आम्ही चक्रावलो. त्याने समजावले, की माल इकडून तिकडे नेणारी चिप वेगळी आणि प्रश्नांना उत्तरे देणारा छोटा प्रोसेसर वेगळा. हा प्रोसेसर उत्तरे सवडीने देतो. म्हणजे हमाल जोरात आणि कारकून संथ. कारकुनाकडे पाहून आम्ही हमालाला नावे ठेवली होती!

तरीही ५ मिनिटांची फेरी २२ मिनिटांची का व्हावी? अभिक्रियेचा वेग तिच्या सर्वांत संथ पायरीवर ठरतो हे माटुंग्याला आमच्याकडून इतके घोटून घेतले होते, की आम्ही प्रत्येक स्विचला लागणारा वेळ वेगळा लिहून काढायला सांगितला. कागद पाहताच कळले. सतरापैकी दोन स्विच मिळून १६ मिनिटे खात होते आणि ते दोघे उत्तरच देत नव्हते.

इथे वर्गणीच्या फोनांचे उदाहरण घ्या. यादीतले एक कुटुंब पुण्याला परत गेले आहे. तुम्ही फोन लावता, रिंग वाजत राहते, पुन्हा लावता, पुन्हा वाजते, आणि पुढची घरे खोळंबून राहतात. आमचा संगणक उत्तरासाठी ५ सेकंद थांबे आणि एकूण ४ वेळा विचारी, म्हणजे २० सेकंद. एवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. पण हा शहाणा त्या मुक्या स्विचच्या २४ दारांपैकी प्रत्येकाबद्दल वेगळे विचारी. २४ गुणिले २०, म्हणजे ४८० सेकंद. एका स्विचला ८ मिनिटे! तापमापक यादीत सर्वांत शेवटी.

पहिला मुका स्विच १६ एप्रिल २०२४ च्या पावसात बुडालेला निघाला. तो दिवस आपल्यापैकी कोण विसरेल? अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींत या देशात एवढा कधी पडला नव्हता. शारजाच्या कित्येक वस्त्यांत पुढे अनेक दिवस पाणी होते. आमच्या खालच्या शेडमधला स्विच तेव्हाच भंगारात गेला. यादीतून त्याचे नाव काढायचे मात्र राहिले.

दुसरा जिवंत होता. या विचारपुशीची एसएनएमपी नावाची पद्धत १९८८ सालची आहे आणि तिच्या जुन्या आवृत्त्यांत एक परवलीचा शब्द लागतो. कारखान्यातून तो बहुधा 'पब्लिक' असाच येतो, म्हणून या मुलाने तो बदलला होता. बरोबरच केले. पण विचारणाऱ्या संगणकाला नवा शब्द सांगायला विसरला. शब्द चुकला तर स्विच 'चूक' असे म्हणत नाही, गप्प बसतो. मेलेला आणि रुसलेला, दोघांचे मौन बाहेरून सारखेच. हे सापडले तेव्हा तो अगदी खाली मान घालून बसला. आम्ही म्हटले, अरे, चूक तुझी शब्दाची, आमची सहीची, आता पुढे बघ.

दोन्ही दुरुस्त्या झाल्यावर फेरी ६ मिनिटांवर आली. मोठ्या स्विचचा पत्त्यांचा लांबलचक तक्ता दर फेरीला एकेक ओळ करून मागवला जात होता, तो रात्री एकदाच मागवायचा ठरवला. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून अनेक ओळी एकदम मागता येतात, ती सोय चालू केली. फेरी ५० सेकंदांच्या आत.

अरबाबना दाखवलेला वापराचा आलेखही खोटा होता. स्विचमधला जुना ३२ बिटांचा मोजक सुमारे ४२९ कोटी बाइटनंतर पुन्हा शून्यावर येतो, स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखा. १०० मेगाबिटच्या पूर्ण वेगाने तो पावणेसहा मिनिटांत गरकन फिरतो. बावीस मिनिटांनी पाहणाऱ्याला किती फेरे झाले ते कसे कळणार? आता ६४ बिटांचे मोजक वाचतो.

तापमापकाला आम्ही फेरीतून बाहेर काढले. त्याची चौकशी दर ३० सेकंदांनी होते, शिवाय खोलीच्या दारावर नेटवर्कशिवाय वाजणारी घंटा लावून घेतली. ही मात्र आमची हट्टाची मागणी. ती आधीच करायला हवी होती.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. म्हणून जुन्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, वाचता येईल अशी, तारीख घातली आणि खाली खरे कारण लिहिले. ती वही घेऊन अरबाबकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचले, आमच्याकडे बघितले आणि "डॉक्टर, पहले क्यों नहीं देखा?" एवढेच विचारले. उत्तर नव्हते. दरपत्रक परत गेले, एका स्विचचा पंखा तेवढा बदलला. मुलाचे काम राहिले. त्याच्या मुलीने परवा आमच्या घरी येऊन पुरणपोळी अर्धीच खाल्ली आणि उरलेली बाबांसाठी म्हणून बांधून नेली.

ता. क. : मंडळाच्या फोन यादीतल्या काही क्रमांकांवर सध्या कोणीच उत्तर देत नाही. ज्यांचे क्रमांक बदलले असतील त्यांनी, आणि परत गेलेल्या कुटुंबांची माहिती असेल त्यांनी, या महिन्यात कार्यकारिणीला कळवावे.