काशीहून परततानाचे पाच किलोमीटर

काशीयात्रेची तयारी मराठी घरात महिनोन् महिने चालते. गाडीचे आरक्षण, उतरण्याची सोय, गुरुजी, गंगेचे गडू कोणाकोणाला द्यायचे त्याची यादी, सारे काही आधी ठरते. एकच गोष्ट बहुधा राहून जाते. परतीच्या दिवशी घाटावरून स्टेशन गाठायचे कसे? ‘मिळेल की रिक्षा!’ असे म्हणून तो प्रश्न सोडून दिला जातो आणि ऐन निघण्याच्या वेळी तोच पुढे उभा राहतो.

अमृतराव घाटाचेच उदाहरण घ्या. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी हा घाट दगडी चिऱ्यांनी पक्का बांधून घेतला. १८०३ मध्ये इंग्रजांशी तह करून त्यांनी वर्षाला सात लाख रुपयांचे पेन्शन स्वीकारले. पुढचे आयुष्य त्यांनी उत्तरेतच काढले आणि १८२४ मध्ये काशीतच त्यांचा अंत झाला. घाटाच्या रुंद पायऱ्या आणि नदीकडे तोंड केलेली भक्कम भिंत पाहिली की मराठी माणसाला पेशवाईची आठवण होते.

पण रिक्षावाल्याला ‘अमृतराव घाट’ म्हटले तर तो गोंधळतो. आज हा ‘राजा घाट’ म्हणून ओळखला जातो आणि खरी गंमत इथेच होते. ‘राजघाट’ नावाचा दुसराच घाट शहराच्या उत्तर टोकाला, मालवीय पुलाजवळ आहे. उच्चारात एका कान्याचा फरक, पण सामान घेऊन चुकीच्या घाटावर उतरलेल्याला तो चांगलाच महागात पडतो. शेजारच्या नारद घाटावर नवरा-बायकोने एकत्र स्नान केल्यास भांडण होते, अशी समजूत आहे. स्नान टाळूनही रिक्षा शोधता शोधता हा अनुभव अनेक जोडप्यांना येत असेल!

घाटापर्यंत वाहन येत नाही. मागच्या अरुंद गल्ल्यांतून सामान उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत चालावे लागते. मोबाइलवरून बोलावलेला टॅक्सीवाला दूरच्या चौकातून फोन करतो, दोन मिनिटे वाट पाहतो आणि फेरी रद्द करतो. सण किंवा गर्दी असली की गोदौलियाकडे जाणारी वाहने पोलीस आधीच अडवतात. ई-रिक्षावाला सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही. घाई दिसली की भाडे वाढते. गुडघे दुखणाऱ्या आजींना घेऊन निघालेल्या कुटुंबाला घासाघीस करायला वेळ नसतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

त्यातून स्टेशन कोणते? मुंबईची महानगरी एक्सप्रेस वाराणसी जंक्शनवरून, म्हणजे लोकांच्या ‘कँट’वरून सुटते. पुण्याची ज्ञानगंगा एक्सप्रेस बनारस स्टेशनवरून निघते. हे २०२१ पर्यंत मंडुवाडीह होते. बिहारकडून मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वाराणसीत येतच नाहीत. त्या गंगेपलीकडच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या मुगलसरायला, गाठाव्या लागतात. मालवीय पुलावर वाहनांची रांग लागली की तो पल्ला किती वेळ घेईल, ते सांगता येत नाही.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. त्या धामधुमीत ते लुटले गेले, तरी काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी परतले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मध्ये ही हकीकत आहे. १८७० मध्ये मुंबईची रेल्वे अलाहाबादमार्गे कलकत्त्याला जोडली गेली आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. आता दीड हजार किलोमीटरचे अंतर एका दिवसाहून थोड्या अधिक वेळात संपते. तिकिटावर वेळ छापलेली असते, तक्रार कोणाकडे करायची ते ठाऊक असते. गाडीला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि प्रवास करायचा नसला, तर गाडी सुटण्याआधी रीतसर अर्ज करून पूर्ण पैसेही परत मागता येतात. पण घाट ते स्टेशन या टप्प्यात हुकलेल्या गाडीची भरपाई कोणीच देत नाही. वर्षभर पैसे साठवून आलेल्या वृद्धांना त्याचा सर्वांत जास्त फटका बसतो.

कँट स्टेशन ते गोदौलिया या सुमारे पावणेचार किलोमीटरच्या रोपवेची पायाभरणी मार्च २०२३ मध्ये झाली. त्याने रस्त्यावरची कोंडी चुकेल. घाटापासून गोदौलियापर्यंतची पायपीट मात्र उरेलच.

तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशीच तिकिटावरचे स्टेशनचे नाव नीट वाचावे. भाडे आधी ठरवावे आणि वाहन कोठे उभे राहील, ती जागा स्वतः पाहून यावी. कँटच्या गाडीसाठी दोन तास आणि मुगलसरायच्या गाडीसाठी तीन तास हाताशी ठेवावेत. डिसेंबर-जानेवारीत धुके पडते, तेव्हा गाडीची चौकशी करूनच खोली सोडावी. आणि जड सामान सकाळीच पुढे पाठवता आले, तर आजींचा हात धरायला घरातल्या कोणाचा तरी हात मोकळा राहील.